बाळंतपण घरी की दवाखान्यात? सुईण, सिस्टर आणि मधली मिनिटं

जास्वंद:
'नैसर्गिक बाळंतपण', 'घरच्या घरी बाळंतपण' अशा नावाचे व्हिडिओ हल्ली गरोदर बायकांच्या ग्रुपांवर रोज फिरतात. त्याखाली दोनच प्रकारची मतं असतात. एक, 'आपल्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणं घरीच झाली की'. दुसरं, 'असला वेडेपणा नको, सरळ दवाखाना गाठा'. जिचे दिवस भरत आलेत तिच्या हाती या दोन्हींतून काहीच लागत नाही. म्हणून हा धागा. मत जरूर द्या, पण त्यामागचं कारण, औषधाचं प्रमाण, वेळ असं नेमकं लिहा. स्वतःच्या हकिकतींसाठी वेगळा धागा आहे, त्या इथे नकोत.

माझे प्रश्न असे. सुईण आणि मिडवाइफ एकच का? घरी बाळंतपण कुणाचं होऊ शकतं आणि कुणाचं मुळीच नाही? युरोपात घरी होतात ती कशी होतात? आणि दवाखान्यातच जायचं ठरलं तर नको ते सिझर, नको ते टाके, तासन्‌तास उताणं झोपवून ठेवणं, हे टाळायचं कसं?

रात्रपाळी:
चांगला विषय काढलात. शब्दांपासून सुरुवात करते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे.

सुईण म्हणजे गावातली अनुभवी बाई. पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे का ते सांगेल, बाळंतिणीला धीर देईल, कळा सोसायला मदत करेल. हे कसब खरं आहे, त्याला कमी लेखू नये. पण तिच्याकडे रक्तदाबाचं यंत्र नाही, इंजेक्शन नाही आणि रक्तस्राव सुरू झाला तर थांबवायचं औषध नाही. मिडवाइफ म्हणजे याच कामाचं पूर्ण शिक्षण घेतलेली, नोंदणी असलेली व्यक्ती. आपल्या एएनएम आणि जीएनएम या दोन्ही नर्सिंग अभ्यासक्रमांच्या नावांतला शेवटचा 'एम' त्याचाच (मिडवाइफ, मिडवाइफरी) आहे. प्रत्यक्षात मात्र लेबर रूममध्ये ती 'सिस्टर' होते आणि डॉक्टरांनी सांगितलेलं करते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्यांना १८ महिन्यांचं जादा प्रशिक्षण द्यायचं, 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' असं पद, आणि गर्दीच्या सरकारी रुग्णालयांना लागून त्यांच्याच देखरेखीखाली चालणारे प्रसूती कक्ष. यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या: ही मिडवाइफ रुग्णालयाच्या आवारात बसते, ती घरी येत नाही. घरी येऊन बाळंतपण करणारी आणि मागे रुग्णालयाशी बांधलेली मिडवाइफ ही सरकारी सोय आज आपल्याकडे नाही. शहरांत जे 'होम बर्थ' होतात ते खासगी जुळवाजुळवीवर. हॉलंडच्या बायकांचा व्हिडिओ बघून पुण्यात निर्णय घेताना हा फरक विसरला जातो आणि माझ्या मते सगळा धोका या विसरण्यात आहे.

सह्यकडा:
रात्रपाळीताई, मान्य. पण दवाखान्याची दुसरी बाजूही लिहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ५ (२०१९-२१) प्रमाणे महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यातली आणि २५.४ टक्के सिझरची. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के सिझर, खासगीत ४७.४. या दोन आकड्यांमधलं अंतर बायकांच्या शरीरातल्या फरकामुळे आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की लोकसंख्येच्या पातळीवर सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. बायका घराकडे का वळतात त्याचं उत्तर इथे आहे. त्यांना वेड्या म्हणून भागणार नाही.

रात्रपाळी:
वेडी कुणीही म्हटलेलं नाही, आणि तुमचा मुद्दा महत्त्वाचाच आहे. त्यावर सविस्तर येते. आधी घरच्या बाळंतपणातली सर्वांत मोठी अडचण लिहू द्या, ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

ती अडचण म्हणजे बाळ बाहेर आल्यानंतरचा तास. घरचे सगळे बाळाकडे वळतात आणि बाळंतिणीकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून मिनिटाला ५०० ते ७०० मिलि रक्त फिरत असतं. वार (गर्भाशयाला चिकटलेली, नाळेने बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) सुटली की तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या बंद होतात त्या केवळ गर्भाशय आवळल्यामुळे. ते सैल राहिलं तर रक्त वाहतच राहतं. ५०० मिलिच्या वर गेलं की त्याला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव म्हणायचं. उपचार नाही मिळाला तर यात जीव जायला सरासरी दोनेक तास लागतात असा जुना, सर्वमान्य अंदाज आहे. अडलेल्या बाळंतपणात दिवस हाताशी असतात, जंतुसंसर्गात तर पाच-सहा दिवस. रक्तस्रावात तेवढा वेळ मिळतच नाही. आणि ज्या बायकांना हा होतो त्यांतल्या बहुतेकींमध्ये आधी कुठलीच खूण नसते. त्यामुळे 'माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे इथे पुरत नाही.

टाळण्यासाठी काय करतात ते क्रमाने सांगते. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही याची हाताने खात्री केली, की एका मिनिटाच्या आत आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळणारं इंजेक्शन. आपल्याकडे ५ युनिटची अँप्युल मिळते, म्हणजे दोन. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची, तोवर बाळाला त्याचं रक्त मिळतं. मग कळ आल्यावर नाळेवर सावकाश, सरळ ताण द्यायचा आणि त्याच वेळी दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशय वरच्या बाजूला तोलून धरायचं. हा दुसरा हात नसेल आणि कुणी नुसतीच नाळ ओढली तर गर्भाशय उलटं होऊन बाहेर येऊ शकतं. हात शिकलेला नसेल तर नाळ ओढायचीच नाही.

वार पडली की ती उजेडात तळहातावर पसरून बघायची. आईच्या बाजूचे लालसर गाळे एकमेकांना जुळतात का, मध्ये एखादा खड्डा दिसतो का, पडद्याची कड फाटकी आहे का. बाळाच्या बाजूला एखादी रक्तवाहिनी कडेपर्यंत जाऊन तुटलेली दिसली तर एक तुकडा आत राहिलाय असं समजायचं. आत राहिलेला अंगठ्याएवढा तुकडासुद्धा गर्भाशय आवळू देत नाही. मग बेंबीच्या खाली हात: गर्भाशय नारळासारखं घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळायचं. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी हे बघायचं.

सातपुडा:
यात एक भर घालतो. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत किंवा घरातल्या फडताळात पडलेल्या अँप्युलची ताकद उतरलेली असते आणि बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून घरी येणारी मिडवाइफ बर्फाचा डबा घेऊन येते की नुसती पिशवी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शीतपेटी शक्य नसेल तिथे मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम, बाळ झाल्यावर तोंडाने देतात. थंडी वाजते, थोडा ताप येतो, पण जीव वाचतो.

आणि हेच ऑक्सिटोसिन बाळ बाहेर येण्याआधी 'कळा वाढवायला' मांडीत टोचणारे लोक अजून आहेत. कळांवर मग कुणाचाच ताबा राहत नाही. बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटतं. बाळ होण्याआधी घरी हे इंजेक्शन द्यायचं नाही, कुणीही देऊ केलं तरी नाही. कळा वाढवायच्याच असतील तर सलाईनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके मोजत, आणि सिझरची सोय असलेल्या जागीच.

जास्वंद:
खूप नेमकं लिहिताय, धन्यवाद. रक्तस्राव सुरूच झाला तर दवाखान्यात वेगळं काय करतात, जे घरी होणार नाही?

रात्रपाळी:
घरी चांगली मिडवाइफ असेल तर पहिल्या पायऱ्या तीही करते: चोळणं, पुन्हा ऑक्सिटोसिन, मूत्राशय रिकामं करणं (भरलेलं असेल तर गर्भाशय आवळत नाही, हे फार वेळा विसरलं जातं), शिरेतून सलाईन, आणि रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत सावकाश. हे तीन तासांच्या आत गेलं पाहिजे, उशीर झाला की उपयोग नाही.

२०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत झालेल्या 'ई-मोटिव्ह' चाचणीने एक साधी गोष्ट दाखवली. कमरेखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची चादर लावायची, म्हणजे रक्त नेमकं किती गेलं ते दिसतं, आणि मग या सगळ्या पायऱ्या एकामागून एक न करता एकदमच करायच्या. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमीच निघतो. सुती पातळाच्या घडीत किती रक्त मुरलंय ते वरून दिसत नाही.

यानंतरचं मात्र घरी होत नाही. भूल देऊन हाताने वार काढणं, गर्भाशयात फुगा भरणं, रक्त चढवणं, शस्त्रक्रिया. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई जेवढं रक्त जाणं सोसते तेवढं ७ वाली सोसू शकत नाही. आपल्याकडे रक्तक्षय किती आहे ते सर्वांना माहीत आहे. हॉलंडशी तुलना करताना हेही धरा.

उट्रेक्टकर:
हॉलंडचा उल्लेख आला म्हणून लिहिते. इथे घरी बाळंतपण ही बंडखोरी नाही, ती व्यवस्थेचाच भाग आहे. मिडवाइफचं शिक्षण चार वर्षांचं. गरोदर बाई पहिल्यापासून तिच्याकडेच जाते, डॉक्टरकडे नाही. कुठल्या अवस्थेत बाई मिडवाइफकडे राहील आणि कधी रुग्णालयात पाठवायची याची देशभर एकच ठरलेली यादी आहे. त्यात 'मला वाटतं' चालत नाही.

रुग्णवाहिका १५ मिनिटांत आणि रुग्णालय ४५ मिनिटांत, हे नियोजनाचं गणित. घरची तयारीही ठरलेली: विटांसारखे ठोकळे लावून पलंग उंच करायचा, कारण मिडवाइफला वाकून काम करता येत नाही आणि स्ट्रेचर लावायलाही तीच उंची लागते. जिने अरुंद असतील तर बाळंतपणाची खोली कुठली हे आधीच ठरवतात. गाद्यांवर प्लास्टिक, गरम पाण्याच्या पिशव्या, विम्याकडून आलेला गॉझ-पॅडचा खोका. बाळ झाल्यावर 'क्रामझोर्ग' म्हणून प्रशिक्षित बाई आठवडाभर घरी येते, कमीत कमी २४ तास, जास्तीत जास्त ८० तास मिळून. आईचे टाके, बाळाचं वजन, पाजणं, कावीळ, सगळं बघते. आपल्याकडे माहेरी जे होतं तेच काम, फक्त तपमापक आणि नोंदवही हातात घेऊन.

२००९ मध्ये इथल्या ५,२९,६८८ कमी जोखमीच्या बायकांचा अभ्यास आला. घरी ठरवलेल्या आणि रुग्णालयात ठरवलेल्या बाळंतपणांत बाळांच्या मृत्यूत फरक दिसला नाही. एवढं सगळं असूनही इथलं घरच्या बाळंतपणाचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून उतरत आता पंधराच्या आसपास आलंय. बायका स्वतःहून रुग्णालय निवडतात, मुख्यतः वेदना कमी करायच्या उपायांसाठी.

सातपुडा:
इंग्लंडचे आकडेही द्यायला हवेत, ते जास्त उपयोगी आहेत. २०११ च्या 'बर्थप्लेस' अभ्यासात ६४,५३८ कमी जोखमीच्या बायका होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत घर आणि रुग्णालय यांत बाळांच्या दृष्टीने फरक नाही. पहिलटकरणींत मात्र बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण घरी हजारी ९.३ आणि रुग्णालयात हजारी ५.३. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना मधेच किंवा लगेच नंतर रुग्णालयात न्यावं लागलं, दुसऱ्या खेपेच्या १२ टक्के. आणि सह्यकडा, तुमच्या बाजूचा आकडा: घरी ठरवलेल्यांत सिझर २.८ टक्के, रुग्णालयात ठरवलेल्यांत ११.१.

पहिलटकरणीपैकी जवळजवळ निम्म्या हलवाव्या लागतात, तेही सज्ज रुग्णवाहिका असलेल्या देशात. पहिलं बाळंतपण घरी करायचा विचार करणाऱ्याने हा एक आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

जास्वंद:
मग 'कमी जोखीम' म्हणजे नेमकं कोण?

रात्रपाळी:
एकच बाळ, डोकं खाली, ३७ ते ४१ आठवडे. आधी सिझर नाही (जुन्या टाक्यांची जागा कळांत उसवण्याची शक्यता दोनशेत एक, आणि उसवली तर हातात मिनिटं असतात, म्हणून आधी सिझर झालेलीने घरी मुळीच नाही). मागच्या खेपेला वार अडकली नाही, जास्त रक्त गेलं नाही. रक्तदाब १४०/९० च्या आत, साखर नाही, झटके नाहीत, हृदयाचा आजार नाही. सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडाशी नाही. हिमोग्लोबिन ११ किंवा वर. बाळाची वाढ वेळेवर.

यातली एकही गोष्ट सुटली तर चर्चा तिथेच थांबते. पायाळू, आडवं, जुळं यांना घरी सुईणीने पूर्वी सोडवलेलं सांगतात. सुटलेल्यांचं सांगायला माणसं उरली, न सुटलेल्यांचं कोण सांगणार?

आणि हे सगळं जमलं तरी सिझर होणारं रुग्णालय प्रत्यक्ष रहदारीत किती मिनिटांवर आहे ते मोजा, संध्याकाळी सात वाजताचं मोजा. खासगी मिडवाइफला विचारा: नर्सिंग परिषदेची नोंदणी दाखवा, बाळाला श्वास देण्याची पिशवी-मास्क आहे का, ऑक्सिटोसिन कुठे ठेवता, सोबत दुसरी प्रशिक्षित व्यक्ती येते का (आई आणि बाळ दोघंही एकदम अडचणीत आली तर दोन हात पुरत नाहीत), कुठल्या रुग्णालयाने तुमची बाई दाखल करून घ्यायचं आधी मान्य केलंय. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा उत्तर मिळत नाही. मग घरी करू नका. माझं स्पष्ट मत आहे.

पर्लकोटा:
शहरातल्या निवडीबद्दल चाललंय, ते चालू द्या. पण महाराष्ट्रात घरी होणारी बरीच बाळंतपणं निवडीने होत नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं. धडगाव, अक्कलकुवा, मेळघाटातले काही पाडे असे आहेत की बाजेची किंवा झोळीची डोली करून डांबरी रस्त्यापर्यंत चालत न्यावं लागतं. १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, पण ती रस्त्यावर येते, पाड्यात नाही. शासनाने आदिवासी भागांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' काढलंय ते याचसाठी: दिवस भरत आले की बाईने आधीच येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस, जेवण तिथेच. जूनआधी गावातल्या गरोदर बायकांची यादी करून कुणाची तारीख पावसाळ्यात येते हे आशाताई बघतात, आणि त्यांना अलीकडच्या गावी आणायचा प्रयत्न होतो. बायका यायला का कू करतात. घरची लहान मुलं, शेळ्या, रोवणीचे दिवस. आणि दवाखान्यात भाषा कळत नाही, अंगावर ओरडतात, अनोळखी पुरुषांसमोर उताणं झोपवतात. माडिया किंवा भिल्ल बाई घरी उकिडवी बसून, छताच्या दोरीला धरून बाळंत होते. तिला टेबलावर पाय बांधून झोपवलं तर ती पुढच्या खेपेला येणारच नाही, आणि ते तिचं चुकतं असं मला वाटत नाही.

तरीही घरी झालंच तर पाच गोष्टी स्वच्छ: हात, जागा, ब्लेड, नाळेचा दोरा, नाळ. नवं, कोरं ब्लेड, विळा नाही. दोरा वीस मिनिटं उकळलेला. नाळेवर राख, शेण, हळद, तेल काही नाही, कोरडी ठेवायची. गरोदरपणात धनुर्वाताच्या लसीचे दोन डोस झाले पाहिजेत. नवजात धनुर्वात देशातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं ते या साध्या गोष्टींमुळे. त्या सोडल्या तर तो परत येईल.

चिमणपाखरं:
पर्लकोटांच्या पोस्टला धरून बाळाचं लिहितो. शंभरातल्या दहाएक बाळांना पहिला श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते. त्यांतल्या बहुतेकांना कोरड्या फडक्याने पुसून, पाठ चोळून भागतं. तेवढ्यानेही श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कने श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. खांद्याखाली एक पातळ घडी, मान ना वाकलेली ना मागे पडलेली. मास्क हनुवटी, तोंड, नाक झाकेल, डोळे नाही. मिनिटाला ४० ते ६०, मनात म्हणायचं 'दाब, दोन, तीन'. छाती उचलली जाते का ते बघायचं. नाही उचलली तर बहुतेक वेळा मास्कच्या कडेने हवा निसटत असते, जास्त जोराने दाबून उपयोग नाही, मास्क नीट बसवायचा. खोलीतली साधी हवा पुरते, सुरुवातीला ऑक्सिजन सिलिंडर लागत नाही. उलटं टांगणं, थपडा मारणं, तोंडावर गार पाणी शिंपडणं आणि 'वारेला शेक दिला की बाळाला जीव येतो' म्हणून वार निखाऱ्यावर धरणं, यात ते एक मिनिट जातं.

दुसरा शत्रू थंडी. बाळंतपणाची खोली २५ अंशांच्या खाली नको. पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर, वरून दोघांना कोरडं पांघरूण, डोक्याला टोपडं. पहिले २४ तास आंघोळ नाही. पहिला चीक तासाभरात, तो पिळून टाकायचा नसतो. बाजेखाली शेगडी ठेवायची असेल तर खिडकी उघडी, बंद खोलीत कोळशाचा धूर दोघांच्याही जिवावर उठतो.

घरी झालेल्या बाळांचं हमखास राहून जातं ते म्हणजे व्हिटॅमिन के १ मिग्रॅ मांडीत, २४ तासांत हिपॅटायटिस बी, पोलिओचा शून्य डोस, बीसीजी. व्हिटॅमिन के नसलेल्या बाळाला काही आठवड्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तोवर सगळं छान चाललेलं असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून हेच शिकवलं आणि नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आणलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यातूनच आज आशाताई बाळाला घरी भेटी देतात: दवाखान्यात झालं तर सहा, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. पण नीट वाचा, हा उपाय बाळासाठी होता. आईचा रक्तस्राव त्याने थांबत नाही.

सह्यकडा:
सगळं पटलं. आता माझा प्रश्न राहिला: दवाखान्यात जाऊन सन्मानाने आणि विनाकारण कापाकापी न होता बाळंत कसं व्हायचं?

रात्रपाळी:
हो, ते देणं आहे माझ्याकडे. आठव्या महिन्यातच जाऊन विचारायचं, कळा सुरू झाल्यावर नाही.

पहिलं, दाखल कधी करून घेता? गर्भाशयाचं तोंड दोन-तीन सेंटीमीटर असताना दाखल झालं की घड्याळ सुरू होतं आणि 'प्रगती नाही' म्हणून सिझर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत कळांचा जोरकस टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरलाय, आणि तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे हा जुना नियम मोडीत काढलाय. त्या टप्प्याला पहिलटकरणीत १२ तास, पुढच्या खेपेला १० तासांपर्यंत लागू शकतात, आई-बाळ ठीक असतील तर.

दुसरं, सोबत कोण राहू देता? केंद्राने २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाई राहू द्यायला सांगितलंय, शक्यतो तिने स्वतः बाळंतपण सोसलेलं असावं. लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. सतत सोबत असली की सिझर कमी होतात, हे अभ्यासांतून वारंवार दिसलंय. माझ्या दृष्टीने या यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट हीच.

तिसरं, कळांत हिंडता येईल का, पाणी-पेज घेता येईल का, कुशीवर किंवा उकिडवं होऊन बाळंत होता येईल का. चौथं, बाळाची वाट मोठी करायचा छेद (ज्याला मग टाके पडतात) सरसकट देता की गरजेपुरता? पाचवं, पोटावर कोपराने दाब देता का? या पाचव्याला 'हो' आलं तर दुसरा दवाखाना बघा. त्याने गर्भाशय आणि बाळ दोन्हींना इजा होते, आणि बाळाचा खांदा अडकलेला असताना तर तो आणखी घट्ट रुततो. तेव्हा करायचं असतं ते उलट: दोन्ही मांड्या पोटाकडे वाकवायच्या आणि हाताने ओटीपोटावर, हाडाच्या वर दाब.

बाळाचे ठोके कळ संपल्यावर पूर्ण मिनिटभर ऐकायचे, आधी दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर करताना दर ५ मिनिटांनी, ११० ते १६० हे ठीक. कमी जोखमीच्या बाईला सतत पट्टे बांधून ठेवायची गरज नसते, त्याने सिझर वाढतात आणि बाळांचे मृत्यू कमी होत नाहीत.

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, रक्त, सिझर, गाडी फुकट, आणि जेवणही: नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं तर कागदावर लिहून मागा.

जास्वंद:
शेवटचं एक. गाडीतच बाळ झालं तर?

सातपुडा:
गाडी बाजूला घ्या, १०८ लावा. आई कुशीवर. डोकं दिसायला लागलं की तिला जोर थांबवून तोंडाने फू-फू करायला सांगा, हात हलका ठेवा, ओढू नका. मानेभोवती नाळ सैल असेल तर डोक्यावरून काढा. बाळ पुसा, आईच्या छातीवर, वर पदर. नाळ कापू नका. वार आपोआप आली तर पिशवीत घालून बाळाजवळच ठेवा आणि दवाखान्यात दाखवा. वार आल्यावर पोटावरून गर्भाशय चोळत राहा, बाळाला पाजायला लावा, मग निघा.

रात्रपाळी:
आणि तिथे पोचल्यावर आईचा रक्तगट सांगा. निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत अँटी-डी लागतं. घरी, गाडीत झालेल्यांत हे नेहमी राहतं, आणि त्याची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागते. जन्माची नोंद २१ दिवसांत, गावात ग्रामपंचायतीत. घरी झालं असेल तर कुटुंबप्रमुखानेच कळवायचं असतं, दवाखाना कळवणार नाही.